जुनी लस आणि न ठेवलेली नोंद

मूल घोगरे बोलू लागले की आपल्या घरांत पहिला संशय आइस्क्रीमवर जातो आणि दुसरा चिंचा-बोरांवर. हळद घातलेले दूध होते, ज्येष्ठमधाची कांडी होते. ‘फार रडते, म्हणून घसा बसलाय,’ असे आजी सांगते. बहुतेक वेळा आजीचेच खरे ठरते. आठवड्याभरात आवाज मोकळा होतो आणि घर ती गोष्ट विसरून जाते. पण क्वचित, अगदी क्वचित, तो मोकळा होत नाही. महिने जातात, रडण्याचा आवाज बारीक होत जातो आणि रात्री झोपेत श्वास घेताना घरघर ऐकू येऊ लागते.

कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून तीस वर्षे काम केल्यावर आज लिहायचे आहे ते या क्वचित घडणाऱ्या गोष्टीबद्दल. एका कामासाठी बनवलेली लस दुसऱ्याच कामासाठी वापरून पाहण्याबद्दल. आणि त्यात माझ्या हातून राहून गेलेल्या एका साध्या कामाबद्दलही.

२००९ साली एक जोडपे तीन वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. मुलीला वर्षभर दम्याची औषधे चालू होती. पंप होता, वाफ होती, गंडादोराही होता. आई म्हणाली, ‘मॅडम, ही रडते ते ऐकूच येत नाही हो. नुसतं तोंड रडतं.’ दुर्बिणीतून पाहिले तेव्हा स्वरतंतू दिसतच नव्हते. त्यांच्यावर तुतीच्या फळांसारखे गुलाबी घोस वाढले होते आणि श्वासाला जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी वाट उरली होती. त्याच संध्याकाळी तिला भूल देऊन ते घोस काढले. दुसऱ्या दिवशी ती मोठ्याने रडली, तेव्हा तिची आईही रडली. सहा आठवड्यांनी ती तिघे परत आली. घोस पुन्हा वाढले होते.

काढले तरी वाढणारे

या रोगाला मराठीत नाव नाही. ज्या रोगाला घरगुती नाव नाही तो आपल्याकडे कोणाला होत नाही, असा आपला एक समज असतो. डॉक्टर त्याला ‘रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस’ म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर श्वासमार्गात पुन्हा पुन्हा येणाऱ्या चामखिळी. त्या ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. या विषाणूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यांतील १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कुप्रसिद्ध आहेत. घशातल्या या चामखिळींमागे मात्र ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार असतात.

रोग दुर्मीळ आहे. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लाख मुलांमागे सुमारे चार असे त्याचे प्रमाण आढळले होते. पण ज्या घरात तो येतो त्या घराला लाखातले प्रमाण सांगून उपयोग नसतो. शस्त्रक्रियेत लेसरने किंवा बारीक फिरत्या पात्याने घोस काढता येतात, विषाणू काढता येत नाही. तो शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेत दबा धरून बसतो आणि काही आठवड्यांत पुन्हा उगवतो. जगात अशी मुले आहेत ज्यांना आयुष्यात शंभराहून अधिक वेळा भूल घ्यावी लागली. प्रत्येक शस्त्रक्रियेत स्वरतंतूंवर थोडे व्रण पडतात आणि आवाज थोडा आणखी जातो.

खरी भीती खाली आहे. थोड्या रुग्णांत, शंभरात दोन-तीन इतक्यांत, हा संसर्ग श्वासनलिकेतून उतरून फुप्फुसात पोहोचतो. तिथे गाठी होतात, पोकळ्या होतात. तिथे माझा लेसर पोहोचत नाही. त्यांतल्या काहींमध्ये पुढे कर्करोगही होतो. माझ्या पिढीने शिकताना या टप्प्याविषयी पुस्तकात जो परिच्छेद वाचला, त्यात उपचाराच्या नावाखाली फारसे काही नव्हते.

आईला काय सांगायचे?

हा विषाणू मुलाला बहुधा जन्माच्या वेळी आईकडून मिळतो. हे वाक्य लिहायला सोपे आहे, समोर बसलेल्या बाईला सांगायला फार कठीण. मी पहिल्यांदा ते सांगितले तेव्हा मुलीची आजी खोलीतच होती. तिने सुनेकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला अजून आठवते. पुढच्या खेपेला सून एकटीच आत आली आणि हळूच म्हणाली, ‘माझ्यामुळं झालं का हो, मॅडम?’

तेव्हा जे तिला सांगितले तेच इथे सांगते, कारण रविवारची पुरवणी घरातले सगळेच वाचतात. एचपीव्ही हा अतिशय सर्वसाधारण विषाणू आहे. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी भेटतो. बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला घालवून देते आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. तो नवऱ्याकडून बायकोला येतो, बायकोकडून नवऱ्याला जातो. लग्नाआधीचा असू शकतो, वर्षानुवर्षे गप्प राहिलेला असू शकतो. त्यावरून कोणाच्या वागण्याचा हिशेब काढता येत नाही. ज्या आयांच्या शरीरात तो असतो त्यांच्याही मुलांपैकी फार थोड्यांना हा रोग होतो. हे का, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे नाही. सिझेरियन केले असते तर खात्रीने टळले असते, असेही नाही. यात अपराध कोणाचाच नाही.

हे समजून घेतले तरच लसीची गोष्ट नीट कळते.

एका कामाची लस, दुसऱ्या कामाला

१९९१ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात इयन फ्रेझर आणि जियान झोउ या दोघांनी एक युक्ती साधली. विषाणूच्या बाहेरच्या कवचाची प्रथिने वेगळी तयार केली तर ती आपोआप एकत्र येऊन पोकळ गोळा बनतो. बाहेरून हुबेहूब विषाणू, आत काहीच नाही. बुजगावण्यासारखा. हे बुजगावणे टोचले की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यावरून पुढे लस झाली. चार प्रकारांविरुद्धची, म्हणजे ६, ११, १६ आणि १८ यांच्याविरुद्धची लस २००६ साली अमेरिकेत मान्य झाली आणि २००८ साली भारतात आली. झोउ मात्र १९९९ सालीच वारले. आपल्या कामाचे फळ त्यांना पाहायला मिळाले नाही.

ही लस प्रतिबंधाची आहे. संसर्ग होण्यापूर्वी, नऊ वर्षांपासून पुढे, ती द्यायची. आधीच विषाणू असलेल्या पेशी ती बऱ्या करत नाही, हे कर्करोगाच्या बाबतीत स्पष्ट दिसून आले आहे. मग घशात चामखिळी झालेल्या मुलाला ती देऊन काय होणार?

काही डॉक्टरांनी असा विचार केला. चामखीळ कापताना तिच्यातले विषाणू आजूबाजूला सांडतात आणि शेजारच्या कोऱ्या जागेत नवी चामखीळ रुजते. या मुलांच्या शरीरात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे मुळातच कमी असतात. लसीने ती भरपूर झाली, तर सांडलेला विषाणू रुजण्यापूर्वीच अडेल. गवताच्या गंजीला लागलेली आग विझणार नाही, पण उडणाऱ्या ठिणग्या शेजारच्या गंजीवर पडणार नाहीत. तर्क म्हणून हा चांगला आहे. पण वैद्यकशास्त्राच्या इतिहासात चांगल्या तर्कांची थडगी पुष्कळ आहेत.

जुन्या लसीला नवे काम देण्याचा प्रकार आजचा नाही. आपल्या सगळ्यांच्या दंडावर जिची खूण आहे ती बीसीजी घ्या. काल्मेत आणि गेराँ यांनी ती क्षयासाठी तयार केली आणि १९२१ साली प्रथम एका बाळाला दिली. १९७६ साली कॅनडात मोरालेस यांनी ती मूत्राशयाच्या कर्करोगाच्या नऊ रुग्णांत, थेट मूत्राशयात सोडून वापरली आणि गुण आला. ते नऊ रुग्ण पाहून लोक थांबले नाहीत. पुढे रीतसर चाचण्या झाल्या, १९९० साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि मूत्राशयाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगात ती आजही वापरली जाते. हीच बीसीजी २०२० साली कोविडवर चालेल असा बोलबाला झाला. मोठी चाचणी झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना तिने कोविडपासून संरक्षण मिळत नाही, असे २०२३ साली जाहीर झाले. एकच लस, दोन तर्क. एक खरा ठरला, एक खोटा. दोन्ही वेळा फरक कळला तो मोजल्यामुळे.

वहीतली बेरीज

२०१५ साली त्या मुलीच्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या फुप्फुसात दोन लहान पोकळ्या दिसल्या. ती नऊ वर्षांची होती आणि तोवर एकतीस शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्याआधीच्या एका वर्षात नऊ. माझ्याकडे करण्यासारखे फार काही उरले नव्हते. वडिलांना मी लसीबद्दल सांगितले. स्लोव्हेनियातल्या डॉक्टरांनी आदल्याच वर्षी अकरा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. लस दिल्यावर दोन शस्त्रक्रियांमधले अंतर सरासरीने जवळपास दुप्पट झाले, असे त्यांना आढळले होते. अकराच रुग्ण, आणि तुलनेला लस न दिलेला गट नाही. वडिलांनी विचारले, ‘तुमची मुलगी असती तर दिली असती का?’ हा प्रश्न डॉक्टरला विचारू नये असे म्हणतात, पण सगळे विचारतात. मी म्हटले, ‘दिली असती.’

त्यांनी पतपेढीतून कर्ज काढले. तीन डोस झाले. पुढच्या वर्षी चार शस्त्रक्रिया लागल्या, त्याच्या पुढच्या वर्षी तीन, मग दोन, मग एक. २०१९ नंतर एकही नाही. फुप्फुसातल्या पोकळ्या आहेत तशा आहेत, वाढलेल्या नाहीत.

हे वाचून कोणीही म्हणेल, लसीने गुण आला. मलाही म्हणावेसे वाटते. पण मी म्हणू शकत नाही, आणि का ते सांगितले पाहिजे. एक तर हा रोग वय वाढते तसा काही मुलांत आपोआप मंदावतो. दुसरे असे की आपण नवा उपाय केव्हा करतो? रोग सर्वांत जोरात असताना. पूर सर्वांत चढलेला असताना नवस बोलला तर पाणी ओसरतेच. ते नवसाने ओसरले की पावसाने उघडीप दिली म्हणून, हे एका पुरावरून कळत नाही. त्यासाठी पुष्कळ पुरांची नोंद लागते. स्लोव्हेनियानंतर आणखी काही ठिकाणी असे अनुभव नोंदले गेले. कुठे अंतर वाढले, कुठे काहीच फरक पडला नाही. सगळीकडे रुग्ण थोडे, म्हणून उत्तरही धूसर.

आता माझी कबुली. या मुलीनंतर मी आणखी सहा मुलांना ही लस दिली. त्यांच्या आई-बापांना तेच सांगितले, तशीच आशा लावली. काही सुधारली, काही नाही. पण किती, केव्हा, कोणत्या प्रकारचा विषाणू होता, दोन शस्त्रक्रियांमध्ये किती दिवस गेले, हे मी एका जागी लिहून ठेवले नाही. केसपेपर रुग्णालयाच्या दप्तरात राहिले आणि त्यांतले काही मुदत संपल्यावर रद्दीत गेले. मी जिथे शिकले तिथे नोंदीचे महत्त्व शिकवले नव्हते असे नाही. वेळ नव्हता, आणि आणखी खरे सांगायचे तर, सात मुलांच्या नोंदीने काय होणार, असे वाटले.

नोंद ठेवली होती ती एकाच माणसाने. वजनकाट्यावरच्या कारकुनाने. गेल्या वर्षी ते भेटायला आले तेव्हा त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक तारीख. भूल किती वाजता दिली, मुलगी केव्हा शुद्धीवर आली, आवाज कसा होता, एसटीचे भाडे किती, औषधे कितीची. उसाच्या गाड्यांसारखी प्रत्येक ओळ आखून लिहिलेली. शेवटच्या पानावर वर्षवार बेरीज. त्यांनी बोट ठेवून विचारले, ‘मॅडम, हे लसीनं कमी झालं की वयानं?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसरी सहा मुले माझ्या हातून गेली होती. त्यांच्या अशा सहा वह्या असत्या तर निदान उत्तराच्या दिशेने एक पाऊल पडले असते.

देऊ नये, की मोजून द्यावी?

या बाबतीत दोन टोकाची मते मी माझ्याच व्यवसायबंधूंकडून ऐकली आहेत. एक म्हणते, पुरावा नाही तर देऊ नये. ऐकायला हे शास्त्रशुद्ध वाटते. पण दुर्मीळ रोगात मोठी चाचणी करायला रुग्ण कुठून आणायचे? आणि जी लस दुसऱ्या कामासाठी विकली जातेच आहे, तिची मूठभर मुलांत चाचणी करायला कोणती कंपनी पैसे घालेल? पुराव्याची वाट पाहा, असे म्हणणे इथे ‘कधीच नाही’ असे म्हणण्यासारखे होते. श्वास कोंडणाऱ्या मुलाला थांबायला तेवढा वेळ नसतो.

दुसरे मत म्हणते, लस सुरक्षित आहे, देऊन टाका, बिघडते काय? लस सुरक्षित आहे हे खरे. जगभर कोट्यवधी डोस दिले गेले आहेत. पण बिघडते ते असे. कर्ज काढलेले असते. लस दिली म्हणून तपासणीला येणे लांबवले जाते आणि मूल मध्यरात्री गुदमरत आणले जाते. हे मी पाहिले आहे. आणि सर्वांत मोठे नुकसान म्हणजे, न मोजता दिलेला प्रत्येक डोस पुढच्या मुलासाठी काहीच शिकवून जात नाही. आधीच थोडी मुले, त्यांचा अनुभवही आपण वाया घालवतो.

माझे मत या दोन्हींच्या मधले आहे. लस द्यावी, पण मोजून द्यावी आणि सांगून द्यावी.

सांगून, म्हणजे मराठीत आणि कागदावर. ‘ही लस या रोगासाठी मान्य झालेली नाही. काहींना उपयोग झाल्यासारखा दिसतो, काहींना नाही. शस्त्रक्रिया आणि तपासणी चालूच ठेवावी लागेल.’ एवढी तीन वाक्ये. या लसीच्या बाबतीत आपल्या देशाला एक धडा मिळालेला आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना एका प्रकल्पात ती टोचली गेली. सात मुलींच्या मृत्यूनंतर २०१० साली तो प्रकल्प थांबला. ते मृत्यू लसीमुळे झाले नव्हते, असे चौकशीत आढळले. पण संमतीच्या कागदांवर कित्येक ठिकाणी आई-वडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, हेही उघड झाले, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष होती, पण विचारण्याची रीत चुकली, आणि चांगल्या लसीबद्दलचा संशय कितीतरी वर्षे मागे उरला.

मोजून, म्हणजे देशभरातल्या या मुलांची एकच नोंदवही. आपल्याला हे जमणार नाही असे कोणी म्हणू नये. १९६३ साली मुंबईत कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली, आणि गावोगाव फिरून, लोकांशी बोलून ती चालवली गेली. संगणक टेबलावर येण्याच्या आधीची ही गोष्ट. आज प्रत्येक डॉक्टरच्या खिशात फोन आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने मनावर घेतले तर विषाणूचा प्रकार, शस्त्रक्रियांच्या तारखा, लसीच्या तारखा एवढ्या चार-पाच रकान्यांची वही वर्षभरात सुरू होईल. २०१९ च्या औषधचाचणी नियमांत पाच लाखांहून कमी रुग्णांच्या रोगांवरील औषधांची वेगळी व्याख्या केलेली आहे, म्हणजे दुर्मीळ रोगांची दखल कायद्याने घेतली आहे. आता दखल घ्यायची आहे ती आपण डॉक्टरांनी.

रोग येऊच नये म्हणून

इतके लिहून झाल्यावर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. लसीची या रोगातली खरी करामत उपचारात नाही, ती तिच्या मूळच्याच कामात आहे. ऑस्ट्रेलियाने २००७ साली मुलींना आणि २०१३ पासून मुलांनाही ही चार प्रकारांची लस द्यायला सुरुवात केली. मग तिथल्या डॉक्टरांनी लहान मुलांतल्या या रोगाचा देशभरातला प्रत्येक नवा रुग्ण मोजला. २०१२ साली सात, २०१६ साली एक. त्या पाच वर्षांतल्या पंधरा मुलांपैकी एकाच्याही आईने गरोदरपणापूर्वी लस घेतलेली नव्हती. ज्या मुली शाळेत असताना टोचून घेतात, त्यांच्या पोटी पुढे जन्मणाऱ्या बाळाचा आवाज त्या वाचवत असतात. कर्करोगाच्या गाजावाजात हा दुसरा फायदा आपल्याकडे कोणी सांगतच नाही.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. एचपीव्हीच्या सगळ्या लसी सारख्या नाहीत. काहींत १६ आणि १८ एवढेच प्रकार असतात. त्या कर्करोगाला अडवतात, घशातल्या या रोगाला नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२२ साली मान्य झाली आणि २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. तिच्यात ६ आणि ११ हे प्रकार आहेत. शासनाने किंवा पालकांनी लस निवडताना हे दोन आकडे डब्यावर शोधावेत, एवढीच माझी विनंती आहे. आणि मुलींबरोबर मुलांचाही विचार करावा. विषाणू दोघांतून फिरतो आणि टोमणे मात्र एकटीच ऐकते.

उपचाराच्या बाजूलाही दार किलकिले झाले आहे. आतड्याच्या कर्करोगाचे बेव्हासिझुमॅब हे औषध आता अवघड रुग्णांत, विशेषतः रोग फुप्फुसात उतरला असताना, वापरले जाते. तेही दुसऱ्या कामातून उसने घेतलेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत प्रौढ रुग्णांसाठी, खास याच रोगासाठी घडवलेली, उपचार करणारी एक लस मान्य झाली. चाचणीत रुग्ण होते फक्त पस्तीस. त्यांतल्या अठरांना पुढे वर्षभर शस्त्रक्रिया लागली नाही. पस्तीस माणसांची नीट ठेवलेली नोंद काय करू शकते, ते यावरून दिसते. ‘सात मुलांच्या नोंदीने काय होणार’ असे म्हणणाऱ्या मला ते चांगलेच लागले.

पालकांना जाता जाता एकच सांगते. मुलाचा आवाज तीन-चार आठवड्यांत मोकळा झाला नाही, किंवा दम्याच्या औषधाने घरघर हलत नाही, तर घशात दुर्बिणीने पाहून घ्या. शंभरात नव्याण्णव वेळा काही निघणार नाही. त्या एका वेळेसाठी पाहायचे.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. आवाज अजून खरखरीतच आहे. फोनवर लोक तिला ‘दादा’ म्हणतात आणि ती दुरुस्त न करता पुढे बोलते. तिच्या वडिलांची वही मी मागून घेतली आणि झेरॉक्स काढून परत दिली. बाकीच्या सहा मुलांच्या तारखा जुन्या कागदांतून शोधून, त्याच रकान्यांत, त्याच पद्धतीने लिहायला बसले आहे. आतापर्यंत तिघांचे कागद सापडले.